बेड एक, फोन दोन: आयसीयूत नव्याने येणाऱ्यांसाठी

व्हेंटिलेटरची बटणं पंधरा दिवसांत हातात बसतात. जड जातं ते नातेवाइकांशी बोलणं, त्यातही एक वाक्य: "आता उपयोग नाही."

माझ्या दुसऱ्याच आठवड्यात रात्री अडीचला एक बेड शिल्लक होता आणि फोन दोन आले. वॉर्डातल्या आजोबांचा कॅन्सर पसरलेला, धाप लागलेली. कॅज्युअल्टीत बाळंतपणानंतर सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून अत्यवस्थ झालेली बाई. सीनियरनी बेड तिला दिला. बरोबरच केलं, आजही मी तेच करेन. चुकले ती पुढे. आजोबांच्या मुलाला म्हटलं, "व्हेंटिलेटरचा त्यांना उपयोग नाही." तो वडिलांचा चष्मा शर्टाला पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "बेड असता तर लावला असतात का?"

लावला असता. निदान दोन दिवस तरी.

'उपयोग नाही' हे वैद्यकीय मत झालं. 'पुरत नाही' ही वाटणी. वाटणीला वैद्यकीय मताचा कोट चढवला की कोणी जाब विचारत नाही, म्हणून तर आपण सगळे ते करतो. 1962 च्या सुमारास सिॲटलला डायलिसिसची यंत्रं मोजकी होती, तेव्हा कोणाला घ्यायचं हे सात जणांची समिती ठरवायची. उत्पन्न, लग्न, शिक्षणसुद्धा बघायची. त्यावर टीका झाली ती रास्तच. पण आपण वाटणी करतोय हे ती लपवत तरी नव्हती.

सोफा स्कोअरच्या आडही लपू नका. सहा अवयवसंस्था, प्रत्येकी 0 ते 4 गुण. तो आजार किती गंभीर हे सांगतो. बेड कोणाचा, हे नाही. खर्चाचा हिशेब खाटेपाशी तर नकोच, त्याचे नियम वर, आधी आणि सगळ्यांना सारखे ठरायला हवेत.

शंका असेल तर मुदत घालून उपचार सुरू करा: तीन दिवस बघू, सुधारणा नसेल तर थांबवू. सुरू केलेलं थांबवणं आणि मुळात सुरू न करणं, नीतीच्या दृष्टीने सारखंच मानलं जातं. हाताला मात्र तसं वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आणि धाप, वेदना कमी करणाऱ्या मॉर्फिनला आयसीयूचा बेड लागत नाही. त्या रात्री आजोबांना ते पहाटे पाचला मिळालं, कारण बेडच्या धावपळीत कोणी लिहिलंच नव्हतं. आता नकाराचा फोन ठेवला की मी आधी ती ऑर्डर लिहिते, मग नातेवाइकांना भेटायला जाते.