रुळांवरून रस्ता आणि एका डॉलरची भरपाई : या चुका टाळा

मूट कोर्टात (कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या सराव खटल्यात) ‘शहर विरुद्ध रेल्वे’ असा विषय आला की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १८९७चा शिकागोचा निकाल हटकून निघतो, आणि बरेचदा तो उलटा वाचलेला असतो.

शहराला रॉकवेल स्ट्रीट पुढे वाढवायचा होता. मध्ये शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी रेल्वेचे रूळ. आसपासच्या खासगी मालकांना ज्युरीने जमिनीच्या किमतीनुसार भरपाई दिली; रेल्वेला दिला एक डॉलर!

‘म्हणजे भरपाई नाकारलीच’ असं लिहून मोकळं होणं, ही पहिली चूक. न्या. हार्लन यांच्या निकालाने उलट असं ठरवलं की सार्वजनिक कामासाठी राज्याने मालमत्ता घेतली, तर अमेरिकी राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीनुसार योग्य भरपाई द्यावीच लागते. एक डॉलर मात्र कोर्टाने कायम ठेवला. रेल्वे हरली, तत्त्व जिंकलं. त्याच तत्त्वासाठी मालमत्ताधारक आजही हा खटला पुढे करतात.

मग एकच डॉलर का? इथे बहुतेक जण जमिनीचा बाजारभाव काढत बसतात. पण जमीन रेल्वेकडून गेलीच नव्हती. रूळ तिथेच, गाड्या चालूच. गेला तो फक्त एकट्याने वापरण्याचा हक्क. मोजायचं होतं ते रस्ता होण्याआधी आणि झाल्यावर त्या हक्काच्या किमतीत पडलेलं अंतर. वेगळं मत देणारे न्या. ब्रुअर यांना तत्त्व मान्य होतं, एक डॉलर नव्हता. मलाही तो पटत नाही, पण वादाचा धागा हाच आहे.

सगळ्यात मजेशीर चूक भाषांतराची. नव्या रस्त्यामुळे रुळांवर लागणारी फाटकं आणि गेटमनचा खर्च रेल्वेने मागितला. कोर्टाने ‘पोलीस पॉवर’चं कारण देऊन तो नाकारला. एका मसुद्यात मी वाचलं, ‘पोलिसांच्या अधिकारामुळे भरपाई नाही’. इथे खाकीचा काहीएक संबंध नाही. लोकांच्या सुरक्षिततेसाठी नियम घालण्याचा राज्याचा अधिकार, एवढाच अर्थ.

हा निकाल जसाच्या तसा आपल्याकडच्या नगरपालिकेच्या वादात चिकटवू नका. रेल्वे अधिनियम, १९८९च्या कलम १६ प्रमाणे रेल्वेमार्ग सुरू होऊन १० वर्षं उलटली की लगतच्या जमीनमालकांना जास्तीच्या सोयी (रूळ ओलांडायची वाट, पूल वगैरे) स्वखर्चाने करून देण्याचं बंधन, अपवाद सोडता, रेल्वेवर राहत नाही. कलम १७ खाली स्थानिक संस्थेला वाढीव सोय मागता येते, पण स्वतःच्या खर्चाने. शिकागोत फाटकाचा भार रेल्वेच्या माथी, इथे मागणाऱ्याच्या.