पॉप अल्बम आणि कॉन्सर्ट यांचे परीक्षण दोघांनी मिळून कसे करावे

नवरा-बायकोने किंवा एकत्र राहणाऱ्या कोणत्याही दोघांनी मिळून एखाद्या पॉप अल्बमचे परीक्षण लिहायला घेतले, की बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर ज्याला संगीतातले जास्त कळते असे घरात मानले जाते, त्याचेच मत दोघांचे म्हणून कागदावर उतरते. नाही तर वाद नको म्हणून दोघेही थोडे थोडे मागे सरतात आणि ‘काही गाणी चांगली, काही बरी’ अशा, कोणाचेच नसलेल्या मतावर समेट होतो. दोन्ही प्रकारांत दुसरा माणूस वाया जातो. एकाच घरात, एकाच स्पीकरवर तेच गाणे ऐकून दोन माणसांना वेगवेगळे काय ऐकू आले, याचा हिशेब एकट्याच्या परीक्षणात कधीच मिळत नाही, आणि दोघांनी लिहिण्याला अर्थ येतो तो त्यामुळेच. पुढच्या पायऱ्या तो हिशेब हाती यावा अशा बेताने आखल्या आहेत. उदाहरणासाठी मुख्यतः फ्लीटवुड मॅक या बँडचा ‘रूमर्स’ हा १९७७ चा अल्बम घेतला आहे, कारण तो सहज ऐकायला मिळतो, आटोपशीर आहे आणि जोडप्यांनी वाद घालण्यासाठी त्याहून योग्य अल्बम शोधून सापडायचा नाही.

१. अल्बम निवडावा आणि त्याची आवृत्ती ठरवावी

दोघांपैकी कोणाच्याही कॉलेजच्या दिवसांच्या आठवणी ज्यात गुंतल्या आहेत, असा अल्बम निदान पहिल्या खेपेस टाळावा. आठवणींशी वाद घालता येत नाही. लांबीचाही विचार करावा. एलपी तबकडीच्या (ग्रामोफोनवर वाजणाऱ्या मोठ्या रेकॉर्डच्या) एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटांचेच संगीत चांगल्या आवाजात मावत असे, त्यामुळे त्या काळातले बहुतेक पॉप अल्बम चाळीस मिनिटांच्या आसपास संपतात आणि एका बैठकीत लक्ष न ढळता ऐकून होतात. ‘रूमर्स’मध्ये अकरा गाणी आहेत आणि तो चाळीस मिनिटांच्या आत आटोपतो. स्ट्रीमिंगने ही मर्यादा काढून टाकली. टेलर स्विफ्ट यांचा ‘द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट’ १९ एप्रिल २०२४ रोजी सोळा गाण्यांसह आला आणि दोन तासांतच त्याची एकतीस गाण्यांची आवृत्ती प्रकाशित झाली.

म्हणून आपण कोणत्या आवृत्तीचे परीक्षण करत आहोत हे आधी लिहून ठेवावे. हा कारकुनी तपशील वाटेल, पण त्यावर बरेच अवलंबून असते. ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ हे गाणे मूळ ‘रूमर्स’मधून, तबकडीवर पुरेशी जागा नसल्यामुळे, वगळले गेले होते, २००४ च्या पुनर्प्रकाशनात ते मधोमध बसवले गेले. मूळ तबकडीवर पहिली बाजू ‘सॉन्गबर्ड’ या संथ गाण्याने मिटते, श्रोता उठून तबकडी उलटतो आणि दुसरी बाजू ‘द चेन’च्या ठाम ठोक्याने उघडते. मध्ये तिसरे गाणे आले की हा विराम नाहीसा होतो. दोघांनी दोन वेगळ्या आवृत्त्या ऐकल्या असतील, तर क्रमाबद्दलचा त्यांचा वाद निरर्थक ठरेल.

२. पहिल्यांदा वेगवेगळे ऐकावे

ही पायरी गाळण्याचा मोह सर्वांत जास्त होतो आणि नेमकी हीच गाळू नये. जोडीदाराच्या कपाळावरची आठी किंवा पायाने धरलेला ठेका दिसला, की आपले मत आपल्या नकळत त्या बाजूला कलते. म्हणून एकाने सकाळी चालताना ऐकावे, दुसऱ्याने रात्री हेडफोन लावून ऐकावे आणि दोघांचे ऐकून होईपर्यंत त्याविषयी बोलू नये. अॅपमधला गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारा शफल आणि एक गाणे दुसऱ्यात मिसळणारा क्रॉसफेड बंद ठेवावा. प्रत्येकाने गाण्याचे नाव, मिनिट-सेकंद आणि तिथे काय घडले एवढेच टिपावे. ‘अप्रतिम’, ‘भिकार’, ‘छान’ ही विशेषणे या टिपणात येऊ देऊ नयेत. इंग्रजी, कोरियन किंवा स्पॅनिश गाण्याचे शब्द पहिल्या खेपेस वाचू नयेत. शब्द न कळता गाण्याने काय केले, ही नोंद नंतर कितीही प्रयत्न केला तरी मिळवता येत नाही.

३. दुसऱ्यांदा एकत्र ऐकावे, पण गप्प राहून

दोन स्पीकर असतील तर दोघांनाही साधारण सारखे अंतर पडेल असे बसावे. अल्बमची एक बाजू किंवा निम्मी गाणी संपेपर्यंत कोणी बोलू नये, फोन पाहू नये.

४. आधी वर्णन करावे, मत नंतर द्यावे

आता गप्पांना सुरुवात होते. पहिली फेरी फक्त वर्णनाची असावी, आणि त्यासाठी प्रश्न साधे असावेत: सर्वांत आधी कोणते वाद्य येते, ध्रुवपद कधी येते, दुसऱ्या अंतऱ्यात पहिल्याहून काय वेगळे आहे, गायकाचा आवाज कानाशी आहे की खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि गाणे थांबते की हळूहळू विरते. दोघांची उत्तरे जुळेपर्यंत पुढे जाऊ नये. जुळत नसतील तर तेवढा तुकडा पुन्हा लावावा. बरेचसे कथित मतभेद इथेच मिटतात, कारण एकाने एखादी गोष्ट ऐकलेलीच नसते.

जे उरतात ते खरे मतभेद. ‘ड्रीम्स’ हे गाणे जवळजवळ संपूर्णपणे दोनच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या दोनच गटांवर फिरते. ड्रमचा ठेका आणि बेस गिटार फारसे हलत नाहीत, बदलतो तो स्टीव्ही निक्स यांचा आवाज आणि ध्रुवपदात त्याच्यामागे उभे राहणारे इतर आवाज. यावर एकजण म्हणेल की गाणे कुठेच जात नाही, आणि दुसरा म्हणेल की ते कुठेच जात नाही म्हणूनच त्याची गुंगी चढते. दोघांनी ऐकलेली वस्तुस्थिती एकच आहे, तिची किंमत वेगळी लावली आहे, आणि असे वाक्य परीक्षणात जसेच्या तसे जायला हवे.

‘द चेन’ हे या अल्बममधले पाचही सदस्यांच्या नावावर असलेले एकमेव गाणे. ते निरनिराळे तुकडे जोडून तयार केले गेले. शेवटाकडे सगळे थांबते, जॉन मॅक्व्ही यांचा बेस एकटा पुढे येतो आणि तिथून गाणे वेगळ्याच वेगाने धावते. बीबीसीने फॉर्म्युला वन शर्यतींच्या प्रक्षेपणासाठी अनेक वर्षे हाच भाग वापरला. हे एक गाणे वाटते की शेजारी ठेवलेली दोन, या प्रश्नावर एक संध्याकाळ आरामात जाते. ‘सॉन्गबर्ड’ मात्र स्टुडिओत नव्हे, तर बर्कलीच्या झेलरबाख सभागृहात ध्वनिमुद्रित झाले. ते अल्बममध्ये त्याच्या आधी येणाऱ्या गाण्यानंतर लगेच ऐकावे आणि क्रिस्टीन मॅक्व्ही यांच्या पियानोभोवतीची मोकळी जागा ऐकू येते का ते एकमेकांना विचारावे. जागा ऐकण्याचा याहून चांगला सराव मला माहीत नाही.

काही जोडपी कामाची वाटणी करतात: एकाने शब्द आणि गळा सांभाळायचा, दुसऱ्याने ठेका आणि वाद्ये. सुरुवातीला हे सोयीचे असते, परंतु दर अल्बमला वाटणी उलटवावी. ‘तिला शब्द कळतात, मला ताल कळतो’ हे एकदा घरात रूढ झाले, की दोघेही निम्मेच ऐकू लागतात.

५. पडद्यामागची गोष्ट सर्वांत शेवटी वाचावी

१९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटो येथील रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत ‘रूमर्स’चे काम सुरू होते, तेव्हा बँडमधली दोन नाती तुटत होती. गिटारवादक-गायक लिंडसे बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स वेगळे झाले होते, क्रिस्टीन आणि जॉन मॅक्व्ही यांचा संसार मोडला होता, आणि ड्रमवादक मिक फ्लीटवुड यांचे लग्नही डबघाईला आले होते. ‘ड्रीम्स’ हे निक्स यांचे, तर ‘गो युअर ओन वे’ हे बकिंगहॅम यांचे गाणे. एकाच ताटातुटीची दोन बाजूंनी केलेली ही दोन निवेदने, आणि प्रत्येकाच्या गाण्यात दुसऱ्याला साथ करावी लागलेली.

गोष्ट जबरदस्त आहे, आणि धोका तिथेच आहे. जोडप्याने ही कहाणी आधी वाचली तर पुढची चर्चा अल्बमची न राहता कोण चुकले याची होते, आणि ती बघता बघता घरातल्या दुसऱ्याच विषयावर घसरते. यासाठी एक कसोटी वापरावी: या माहितीमुळे गाण्यातला एखादा ऐकू येणारा तपशील अधिक स्पष्ट होतो का? ‘गो युअर ओन वे’च्या ध्रुवपदात निक्स यांचाही आवाज आहे, ही माहिती कानाला काहीतरी नवे देते, म्हणून ती ठेवावी. कोण कोणाशी किती दिवस बोलत नव्हते, ही माहिती सोडून द्यावी. एक परिच्छेद पुरेसा होतो.

६. मतभेद जसा आहे तसा लिहावा

लिहिण्यापूर्वी प्रत्येकाने दुसऱ्याचे मत आपल्या शब्दांत मांडून दाखवावे, आणि ‘हो, मला हेच म्हणायचे होते’ असे दुसऱ्याने म्हटल्याशिवाय आपले मत मांडू नये. त्यानंतर सर्वांत सोपी रचना म्हणजे वर्णनाचा समाईक परिच्छेद आणि त्याखाली दोन स्वतंत्र मते. उदाहरणार्थ, ‘ड्रीम्स’बद्दल:

ती: ठेका जागचा हलत नाही, त्यामुळे माझे सगळे लक्ष आवाजावर जाते. ध्रुवपदात मागचे आवाज आले, की इतका वेळ काय अडवून धरले होते ते कळते.

तो: मला ते अडवून धरणे जाणवते, सुटका जाणवत नाही. हेच ध्रुवपद मी एखाद्या अधिक चढ-उतार असलेल्या गाण्यात ऐकले असते, तर मला ते दुप्पट आवडले असते.

गुण द्यायचे असतील तर दोघांचे वेगळे द्यावेत. तिचे नऊ आणि त्याचे पाच यांची सरासरी काढून सात लिहिले, तर तो आकडा घरात कोणाचाच नसतो आणि वाचकाला चक्क चुकीची माहिती देतो. अमेरिकन समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाउ १९६९ पासून अल्बमांना शाळेच्या निकालासारख्या अक्षरश्रेणी देत आले. त्यांच्या पत्नी कॅरोला डिबेल यादेखील रॉक संगीतावर लिहीत, पण श्रेणी मात्र एकाच्याच सहीची असे. त्या श्रेणींवर लोक चिडू शकले, याचे कारणच ते.

एकाच गाण्याचे परीक्षण करताना हीच पद्धत आखूड करावी: दोघांनी वेगवेगळे दोनदा ऐकावे, गाण्यातला एकच क्षण निवडावा आणि त्याबद्दलच लिहावे. दोघांनी वेगळे क्षण निवडले असतील तर उत्तमच.

७. कॉन्सर्टसाठी वेगळी तयारी करावी

कॉन्सर्ट पुन्हा ऐकता येत नाही, त्यामुळे इथे कामाची वाटणी आवश्यक ठरते. एकाने गाण्यांचा क्रम टिपावा आणि रंगमंचावर लक्ष ठेवावे. दुसऱ्याने गर्दीकडे आणि आवाजाकडे पाहावे. कोल्डप्लेने जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ आणि २१ तारखेला कार्यक्रम केले, तेव्हा प्रेक्षकांच्या मनगटावरचे दिवे गाण्याबरोबर रंग बदलत होते. अशा कार्यक्रमात गर्दी हाच देखाव्याचा निम्मा भाग असतो आणि फक्त रंगमंच पाहणाऱ्याचे परीक्षण अपुरे राहते.

आपण कुठे होतो हे परीक्षणात आवर्जून लिहावे. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे रंगमंचापासून शंभर मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला आवाज जवळपास तीन दशांश सेकंद उशिरा पोहोचतो आणि पडद्यावरचे ओठ आधी हलताना दिसतात. दूरच्या प्रेक्षकांसाठी मध्येच उभारलेल्या स्पीकरांना मुद्दाम उशीर दिलेला असतो, जेणेकरून दोन्हींकडचा आवाज एकत्र यावा. हे जमले नाही तर घुमारा ऐकू येतो, आणि त्याचा दोष गायकाच्या पदरात टाकू नये. गायकाने माइक खाली घेतल्यावरही त्याचा आवाज सुरूच राहतो का, हेही पाहावे. आधी मुद्रित केलेला आवाज पॉप कार्यक्रमांत सर्रास वापरला जातो आणि तो किती चालवून घ्यायचा यावर दोघांचे एकमत असण्याची गरज नाही.

कानात घालायचे फोमचे बोळे सोबत न्यावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे, आणि स्पीकरसमोर उभे राहणाऱ्याने ती पाळली जाईलच असे गृहीत धरू नये. शिवाय कान बधिर झालेल्या माणसाचे आवाजाविषयीचे मत कितपत धरायचे, हाही प्रश्न आहेच.

परतीच्या लोकलमध्ये आधी प्रत्येकाने आपल्या फोनवर पाच-सात ओळी लिहाव्यात, मगच बोलावे. पाण्याची सोय, रांगा आणि तिकिटाची किंमत यांवर लिहायलाच हवे, पण वेगळ्या परिच्छेदात. दोन तास रांगेत काढल्याचा राग गाण्यांवर निघतो.

८. एकमेकांचे संपादन करताना मर्यादा पाळावी

दोन्ही मजकूर एकत्र आले, की एकाने दुसऱ्याचा मजकूर तपासावा. तारीख, नाव, गाण्याचा क्रम, लांबलेले वाक्य आणि पुनरुक्ती दुरुस्त करण्याची पूर्ण मुभा असावी. मत सौम्य करण्याची नसावी. ‘मला वाटते’, ‘कदाचित’, ‘तसे पाहता’ हे शब्द जोडीदाराला बरे वाटावे म्हणून घातले असतील तर ते ज्याचे त्याने काढावेत.

सहा महिन्यांनी तोच अल्बम पुन्हा ऐकावा. मत बदलले असेल तर जुना मजकूर खोडू नये. त्याखाली नवी तारीख घालावी, कोणाचे मत बदलले ते स्पष्ट लिहावे आणि कोणत्या गाण्यामुळे बदलले तेही सांगावे.