आहे त्याच लेन्सने पार्श्वभूमी धूसर करताना

पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी नवी लेन्स घेण्यापूर्वी आपल्याजवळ असलेल्या लेन्सची पूर्ण परीक्षा घ्यावी. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावरचा माहुलीचा घाट मला त्यासाठी फार सोयीचा वाटतो, कारण पायरीवर माणूस बसवला की त्याच्या मागे नदीपात्राचे मोकळे अंतर आपोआप मिळते. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर, म्हणजे प्रकाशद्वार (लेन्समधले प्रकाश आत येण्याचे छिद्र) आपण ठरवतो त्या पद्धतीवर, ठेवून एफ-क्रमांक (प्रकाशद्वाराचे माप; आकडा लहान, तितके ते अधिक उघडे) शक्य तितका लहान निवडावा आणि फोकस जवळच्या डोळ्यावर धरावा. मग चेहरा चौकटीत तेवढाच राहील अशा बेताने मागे-पुढे सरकत, १८-५५ मिमी झूम लेन्सच्या दोन्ही टोकांवर छायाचित्रे घ्यावीत. फोकल लेंथला (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्याला) एफ-क्रमांकाने भागले की प्रकाशद्वाराचा व्यास मिळतो: १८ मिमीला एफ/३.५ वर सुमारे ५ मिमी, ५५ मिमीला एफ/५.६ वर सुमारे १० मिमी, तर ५० मिमी एफ/१.८ लेन्सला जवळजवळ २८ मिमी. चेहऱ्याचा आकार तोच ठेवल्यास दूरची पार्श्वभूमी साधारणपणे या व्यासाच्या प्रमाणात विरघळते; म्हणूनच झूमचे लांब टोक, एफ-क्रमांक मोठा असूनही, सरस ठरते. पानांतून झिरपणारे ऊन मागे असल्यास प्रकाशाची वर्तुळे उमटतात. ती बहुकोनी दिसली, तर प्रकाशद्वार पूर्ण उघडून पुन्हा पाहावे.