जिप्सम सीलिंग आणि पार्टिशनचं काम देताय? बोर्ड लागण्याआधीच्या या चुका टाळा

आमच्या डोंबिवलीच्या घरात हॉलच्या जिप्सम सीलिंगला (स्लॅबखाली पत्र्याच्या पट्ट्यांवर बोर्ड लावून केलेलं खोटं छत) दुसऱ्याच वर्षी सरळ रेघेत भेग गेली. कॉन्ट्रॅक्टरने दोनदा येऊन पुट्टी भरली, रंग मारून दिला, आणि दोन्ही वेळा भेग त्याच जागी परत आली. शेवटी दुसऱ्या कारागिराकडून तेवढा बोर्ड कापून घेतला. आत बघितलं तर दीड फुटावर हव्यात त्या पत्र्याच्या पट्ट्या जवळजवळ तीन फुटांवर होत्या, आणि दोन बोर्डांचा सांधा पट्टीवर न येता मधेच लोंबकळत होता.

त्यानंतर नात्यातल्या आणि शेजारच्या काही घरांची ही कामं मी स्वतः उभं राहून करून घेतली. ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या, त्या इथे लिहिते आहे. त्यातल्या बहुतेक बोर्ड लागण्याआधीच्या आहेत, कारण एकदा बोर्ड लागला की आतलं काम आपल्याला पुन्हा दिसत नाही.

गळती थांबवायच्या आधी सीलिंग दुरुस्त करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. सीलिंगवर पिवळट डाग आला की आपण थेट सीलिंगवाल्याला फोन करतो. तो बोर्ड बदलून जातो आणि चार महिन्यांत नवा बोर्डही फुगतो. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. वरच्या घराच्या बाथरूमखाली डाग असेल तर शेजाऱ्यांना विनंती करून तिथली जाळी बंद करायला सांगा आणि २४ तास पाणी साठवून बघा. डाग फक्त उन्हाळ्यात, एसी चालू असतानाच ओला होत असेल तर वरच्या शेजाऱ्याशी भांडू नका. तेव्हा बहुधा एसीच्या तांब्याच्या पाइपवरचं वेष्टण फाटलेलं असतं किंवा एसीच्या पाण्याच्या नळीला उतार नसतो.

खर्च कोणाचा, यावर सोसायटीत हमखास वाद होतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून आणि बाहेरच्या भिंतींतून होणारी पावसाची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. घरातल्या संडास-बाथरूम, सिंकमुळे होणारी गळती त्या सभासदाने. सेक्रेटरींना पत्र देताना हा उल्लेख करा, चर्चा लवकर संपते.

भिजून खाली झुकलेला बोर्ड वाळवून वाचत नाही. जिप्समचा गाभा मऊ पडलेला असतो आणि वरचा कागद सुटलेला असतो. तेवढा भाग चौकोनी कापून, कडा पट्टीवर बसतील असा नवा तुकडा लावायचा. “वरून पुट्टी मारतो” म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

नुसता चौरस फुटाचा दर विचारणं

तीन जणांना फोन केला, सगळ्यात कमी दर धरला, असं आपण सगळेच करतो. पण त्या दरात काय आहे, हे विचारलेलं नसतं. बोर्ड १२.५ मिलिमीटरचा आहे का? त्यावर आयएस २०९५ या भारतीय मानकाचा उल्लेख आहे का? पत्र्याची पट्टी ०.५ मिलिमीटर जाडीची आहे की त्याहून पातळ? दर कमी होतो तो बहुतेक वेळा पट्टीत. पातळ पट्टी हाताने सहज पिळली जाते. नमुन्याचा एक तुकडा मागवा आणि पिळून बघा, फरक लगेच कळतो.

दुसरा घोळ मोजमापाचा. समजा खोली १० बाय १२, म्हणजे सपाट सीलिंग १२० चौरस फूट. मधे ६ बाय ८ चा कोव्ह (सीलिंगमधला खोलगट चौकोन) आहे, त्याची बोर्डाची उभी पट्टी जेमतेम सहा इंचांची. तिचा घेर २८ फूट. काही कॉन्ट्रॅक्टर एक फुटापेक्षा कमी रुंदीची कुठलीही पट्टी पूर्ण एक फूट धरतात. मग बिल होतं १४८ चौरस फुटांचं. यात फसवणूक आहेच असं नाही, अनेक ठिकाणी ही रीतच आहे. पण ती बिल हातात आल्यावर कळणं आणि आधी कळणं यात फार फरक आहे. लाइटची भोकं, पडद्याचा खोका, एसीच्या भोवतीचं बॉक्सिंग यांचे पैसे वेगळे का, मजुरी आणि माल एकत्र का, राडारोडा कोण उचलणार, हे सगळं कागदावर घ्या. कागद म्हणजे व्हॉट्सॲपवरचा सविस्तर मेसेज आणि त्यावर त्याचं “हो” एवढंही चालतं.

“जीएसटी वेगळा” म्हणाला तर नोंदणी क्रमांक मागा. तो १५ अक्षरी असतो, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. ज्याची नोंदणीच नाही त्याला तुमच्याकडून जीएसटी घेता येत नाही.

फ्रेम न बघता बोर्ड लावू देणं

इथे मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण आमचं चुकलं ते इथेच. कॉन्ट्रॅक्टरला स्पष्ट सांगा: फ्रेम पूर्ण झाली की थांबायचं, मी बघेन, मग बोर्ड. अर्ध्या दिवसाने काही बिघडत नाही. रजा घ्यायचीच असेल तर या दिवशी घ्या. रंगाच्या दिवशी तुम्ही घरी नसलात तरी चालेल.

टेप घेऊन जा. सीलिंगला बोर्ड ज्या पट्ट्यांवर बसतो त्या साधारण ४५० मिलिमीटरवर, म्हणजे दीड फुटावर हव्यात. त्यांना धरणारे आडवे चॅनल सुमारे चार फुटांवर. पार्टिशनमधले स्टड, म्हणजे पत्र्याचे उभे खांब, दोन फुटांवर. वरच्या स्लॅबला पट्टी लोखंडी क्लीट (काटकोनी तुकडा) आणि फास्टनरने धरली आहे का बघा. लाकडी खुंटी ठोकून तिला खिळा मारलेला दिसला तर ते काम तिथेच बदलून घ्या. पंख्याचा हूक थेट स्लॅबमध्येच हवा. सीलिंगच्या फ्रेमवर पंखा टांगणं जिवावर बेतू शकतं, यात तडजोड करू नका.

पार्टिशनवर टीव्ही किंवा कपाट लागणार असेल तर आत्ताच सांगा. दोन स्टडच्या मधे प्लायवूड बसवावा लागतो, आणि बोर्ड लागल्यावर तो बसवायचा म्हणजे पुन्हा तोडफोड. पलीकडच्या खोलीतला आवाज नको असेल तर पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंत न थांबता वरच्या स्लॅबपर्यंत जायला हवं आणि आत काचलोकर किंवा रॉकवूल भरायला हवं. सीलिंगच्या वरची फट उघडी राहिली तर आत कितीही लोकर भरली तरी आवाज वरून येतो. मुलांच्या अभ्यासाची खोली वेगळी काढताना हे हमखास राहून जातं.

वायर उघड्या टाकू देऊ नका, पाइपातूनच न्या. आणि बोर्ड लागण्याआधी प्रत्येक भिंतीचे, प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा, टेप उघडून धरून. पुढे कधी ड्रिल करायचं झालं की पट्टी आणि वायर कुठे आहे ते फोटोत दिसतं.

बाथरूमला साधा बोर्ड नकोच. ओलावा सोसणारा, हिरव्या कागदाचा बोर्ड मिळतो. आणि वरच्या घराचे पाइप तिथून जात असतील तर उघडता येणारं झाकण ठेवा, नाहीतर प्लंबरला प्रत्येक वेळी सीलिंग फोडावं लागेल.

सांधे घाईत उरकणं

बोर्डांच्या सांध्यावर आधी जॉइंटिंग कंपाउंड (सांधे भरायचा लगदा), त्यात बसवलेली कागदी टेप, मग पुन्हा कंपाउंडचे हात, आणि प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा. कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये हे वाळायला फार वेळ लागतो. त्या दिवसांत “एका दिवसात सांधे आणि पुट्टी” हे आश्वासन ऐकलं तर काम पुढे ढकला. शक्य असेल तर पावसाळ्यानंतरच सुरू करा.

आधीच झालेल्या कामात बिघाड दिसत असेल तर त्याचा आकार नीट बघा. सांध्यावर सरळ रेघ म्हणजे टेप नाही किंवा सांध्यामागे पट्टी नाही. जुनं कंपाउंड खरवडून, गरज पडली तर स्क्रू वाढवून, नव्याने टेप करायला हवी. नुसती पुट्टी टिकणार नाही. भिंत आणि सीलिंग जिथे मिळतात तिथली बारीक भेग बहुधा दोन वेगळी सामानं आपापल्या परीने हलतात म्हणून येते. तिथे लवचीक सीलंट किंवा मुद्दाम ठेवलेली खाच हाच उपाय. गोल फुगवटे दिसत असतील तर स्क्रू पट्टीत बसलेले नाहीत, किंवा डोकं इतकं आत गेलंय की कागद फाटलाय. जुना स्क्रू काढून दोन इंच बाजूला नवा मारायचा. सीलिंगला स्क्रू साधारण नऊ इंचांवर हवेत.

पैसे आधी देऊन टाकणं

मी माल घरात आल्यावर तीस टक्के देते, फ्रेम बघितल्यावर तीस, बोर्ड आणि सांधे झाल्यावर तीस. अर्ध्याहून जास्त ॲडव्हान्स मागणारा, किंवा “फ्रेम काय बघायची, ताई?” म्हणणारा माणूस मी घेत नाही, दर कितीही कमी असो. चांगले कारागीर उलट फ्रेम दाखवायला स्वतः बोलावतात. त्यांना आपलं काम दाखवायचं असतं, आणि अशांचा हिशेब एक दिवसही लांबवू नये.

उरलेले दहा टक्के पहिला रंगाचा हात मारण्याआधी द्यायचे नाहीत. आदल्या संध्याकाळी खोलीतले दिवे बंद करा आणि मोबाइलची बॅटरी सीलिंगला जवळजवळ चिकटवून तिरपी फिरवा. दिवसा सपाट दिसणाऱ्या पृष्ठभागावरचे उंचवटे, स्क्रूचे खड्डे, टेपच्या कडा सगळं सावलीत उठून दिसतं. प्रत्येक जागी पेन्सिलीने गोल करा. सकाळी कारागिराकडून तेवढं घासून, भरून घ्या, वाळू द्या, पुन्हा बॅटरी फिरवा आणि मग रंगाऱ्याला बोलवा.