फेरी-फेरीने क्विल्ट शिवताय? या चुका टाळा

गोधडी आपल्याला नवी नाही. माझी आजी जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, कडेपासून टाके घालायला लागायची आणि चौकोनात चौकोन करत मध्यावर यायची. ऑनलाइन क्विल्ट-अलाँगमध्ये, म्हणजे एकाच सूचनांवरून सगळ्यांनी आपापल्या घरी एकत्र गोधडी शिवायच्या उपक्रमात, सगळं उलटं. मधला चौकोन आधी शिवायचा, मग दर आठ-पंधरा दिवसांनी सूचना येईल तशी चारही बाजूंनी एकेक फेरी लावत बाहेर जायचं. पुढच्या फेरीत काय आहे ते आधी सांगत नाहीत, त्यातच गंमत. पण मधला चौकोन थोडा चुकला तर ते कळतं तिसऱ्या फेरीत, आणि तोवर दीड महिना गेलेला असतो. नागपुरात बसून मी अशा दोन गोधड्या केल्या. पहिली दिवाणावर आहे, पाहुणे आले की तिच्यावर चादर टाकते.

पाव इंच म्हणजे दोन सूत, अडीच नव्हे

क्विल्टची शिवण पाव इंचाची असते. आपल्याला ब्लाउज-परकराची सवय, तिथे थोडं कमी-जास्त झालं तरी चालून जातं. इथे नाही चालत. समजा, मधला चौकोन आणि पहिली फेरी मिळून 16 इंच झाले आणि दुसऱ्या फेरीत प्रत्येक बाजूला 2 इंचांचे आठ तुकडे लावायचे आहेत. आठ तुकड्यांत सात जोड. शिवण फक्त अर्धा सूत जास्त गेली तरी ती दोन्ही तुकड्यांतून जाते, म्हणजे दर जोडाला एक सूत आणि पूर्ण पट्टीत सात सूत. जवळजवळ एक इंच गायब! मी हे आधी मांडलंच नाही, पट्टी ओढूनताणून बसवली आणि कोपरे वाकडे करून घेतले.

म्हणून सुरुवातीलाच दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, शेजारी शेजारी शिवा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. बरोबर 1 इंच भरली तर शिवण ठीक. कमी भरली तर सुई किंवा कापड दोऱ्याभर सरकवा, कारण दोरा आणि कापडाची दुमडही थोडी जागा खातात. घरच्या जुन्या काळ्या मशीनच्या दाबाची (सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पायाची) कड म्हणजे पाव इंच असं धरू नका. मोजपट्टीने मोजून मशीनच्या पाटावर मास्किंग टेपचे तीन-चार थर एकावर एक चिकटवा आणि त्यांना टेकवून कापड सोडा.

कडेला झोळ का येतो

पहिली गोधडी जमिनीवर पसरली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, गोधडी होय का वाळलेला पापड?" मध्य सपाट आणि कडा लाटांसारख्या. लांब पट्टी घ्यायची, एका टोकापासून शिवत जायचं आणि उरलेली कात्रीने उडवायची, हा माझा शॉर्टकट नडला. शिवताना वरचं कापड आणि खालचं कापड सारखं सरकत नाही. पट्टी नकळत ताणली जाते आणि समोरासमोरच्या दोन बाजू वेगवेगळ्या लांबीच्या होतात.

पट्टी मापून आधीच कापायची. माप कडेवर घ्यायचं नाही, कारण कड ताणलेली असते. गोधडीच्या मधोमध एकदा आणि दोन्ही कडांच्या थोडं आत एकेकदा मोजा, तिन्हींची सरासरी काढा आणि समोरासमोरच्या दोन्ही पट्ट्या त्याच मापाच्या कापा. सूचनेत साडेबारा लिहिलंय आणि तुमचा चौकोन सव्वाबारा भरतोय, तर तुमच्यासाठी खरं माप सव्वाबारा. मग पट्टी आणि गोधडी दोन्हींचे अर्धे-पाव घडी घालून खुणवा, खुणेवर खूण टाचा. जी बाजू जरा जास्त भरते ती मशीनच्या दात्यांकडे खाली ठेवा, दाते ती आपोआप सामावून घेतात.

चौकोन लहानच झाला असेल तर? उसवायची घाई नको. पुढची साधी पट्टीची फेरी अर्धा इंच जास्त रुंद कापा, शिवा आणि मग चारही बाजूंनी सूचनेतल्या मापाला छाटा. फेरीत त्रिकोण-चौकोन असतील तर त्याआधी स्वतःची एक अरुंद पट्टी घुसवा आणि तीच मापाला छाटा. ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर माझे तीन रविवार वाचले असते.

त्रिकोणांचं आणखी एक. त्यांची तिरपी बाजू उरेबात, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, येते, ती बोटांनीही ताणली जाते. तिच्यावर इस्त्री घासू नका. उचलायची, ठेवायची, दाबायची. आणि मेमध्ये कूलरच्या झोतासमोर तुकडे मांडू नका. मी मांडले, ते बाल्कनीत गोळा केले.

सूचना परदेशी, कापड इथलं

छापील नमुना अमेरिकी लेटर कागदाचा असतो, म्हणजे साडेआठ बाय अकरा इंचांचा. आपण ए-फोर वापरतो. प्रिंटच्या दुकानात 'फिट टू पेज' करून दिलं तर नमुना अंदाजे अडीच ते तीन टक्के आक्रसतो, म्हणजे सहा इंचांत पाव इंचाच्या अर्ध्याहून जास्त कमी. 'अॅक्च्युअल साइज' सांगा आणि पानावरचा एक इंचाचा चौकोन पट्टीने मोजूनच कापायला घ्या.

सूचनेत येणारा 'फॅट क्वार्टर' म्हणजे अंदाजे 18 बाय 22 इंचांचा तुकडा. गांधीबागेच्या कापडबाजारात जाऊन पाव मीटर मागाल तर पूर्ण पन्ह्याची जेमतेम 10 इंच रुंद पट्टी मिळेल, त्यातून मोठा चौकोन निघत नाही. अर्धा मीटर घ्या. पन्हा 36 आहे, 44 आहे की 58, ते विचारा, नाहीतर सगळा हिशेब चुकतो.

मी एकदा गडद लाल कापड घेतलं. दुकानदार म्हणाला, "काही नाही होत जी ताई, पक्का कलर आहे." पहिल्याच धुण्यात बाजूचा पांढरा मलमल गुलाबी झाला. नवीन सुती कापड आधी धुवा, खळही जाते आणि जे आटायचं ते आटून घेतं. गडद तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबा, डाग पडला तर ते कापड दुसऱ्या कामाला. मिठाच्या पाण्याने रंग बसेलच असं नाही.

वेळेचंही बघा. क्विल्ट-अलाँगचं न्यूयॉर्कचं शनिवारी सकाळी दहाचं ऑनलाइन सत्र आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, मग तेच साडेआठला. मी साडेसातला रिकाम्या पडद्यासमोर बसले होते, चहा गार झाला.

शेवटच्या फेरीआधी पाठीचं कापड घेऊन ठेवा. ते वरच्या भागापेक्षा चारही बाजूंनी चार-चार इंच मोठं हवं. 40 इंचांच्या गोधडीला 48 इंच लागतात, म्हणजे 44 चा पन्हा पुरत नाही, 58 चा मागा.