व्यक्तिचित्रात एक अशक्य गोष्ट बसवताना

वास्तववादी व्यक्तिचित्राला अतिवास्तवाची जोड द्यायची तर चित्रात अशक्य गोष्ट एकच ठेवा. माग्रीत या बेल्जियन अतिवास्तववादी चित्रकाराच्या 1964 च्या चित्रात चेहऱ्यापुढे हिरवं सफरचंद तरंगतं, पण सफरचंद, कोट, टाय सगळं सरळसाधं रंगवलेलं आहे. म्हणूनच ते पटतं.

उदाहरणादाखल, मानेची त्वचा झाडाच्या सालीत बदलते असं धरू.

आधी उजेड ठरवा. दिवा एकच, चेहऱ्याच्या वर आणि बाजूला साधारण 45 अंशांवर. मॉडेलचा फोटो झाला की दिवा न हलवता, त्याच जागी खऱ्या सालीचा तुकडा धरून फोटो घ्या. नेटवरून उचललेल्या सालीवर उजेड भलत्याच बाजूनं आलेला असतो. मग ती मानेवर डकवल्यासारखी दिसते. अशी चित्रं बहुतेकदा इथेच फसतात.

16 बाय 20 इंचांच्या कॅनव्हासवर टर्पेंटाइननं पातळ केलेल्या बर्न्ट अंबर या गडद तपकिरी तैलरंगात छायाप्रकाश मांडा. चेहरा आणि साल एकाच बैठकीत घ्या, नाहीतर गडदपणा जुळत नाही. चेहऱ्याचं साम्यही इथेच साधायचं.

त्वचेसाठी टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड. सावलीत बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन. काळा नको, त्वचा मळकट होते. साल याच रंगांतून मिसळा, म्हणजे दोन्ही एकाच शरीराची वाटतात.

खरी कसोटी त्वचा आणि साल जिथे मिळतात त्या सांध्याची. त्याला दोनेक इंचांचा पट्टा द्या आणि बदलाची सुरुवात उजेड-सावलीमधल्या छटेत करा. लख्ख उजेडात पोत विरतो, गडद सावलीत बुडतो. मधल्या छटेत तो सर्वांत स्पष्ट दिसतो. आधी त्वचेची छिद्रं किंचित मोठी, मग बारीक भेगा, मग साल. भेगा कानामागून कॉलरबोनकडे उतरणाऱ्या स्नायूच्या रोखानं न्या. स्वैर काढल्या तर मान सपाट होते.

वरच्या थरांत तेलाचं प्रमाण वाढत गेलं पाहिजे. तेलकट थरावर कमी तेलाचा थर आधी वाळतो आणि पुढे तडकतो. (भेगा रंगवायच्या आहेत, पाडायच्या नाहीत!) हात लावून कोरडं वाटल्यावरच सालीवर लिनसीड (जवसाच्या) तेलातली रॉ अंबरची पातळ ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर, फिरवा.

शेवटी चित्र आरशात पाहा. नजर आधी डोळ्यांवर जाऊन मग मानेकडे उतरली पाहिजे. आधी सालच दिसत असेल, तर तिच्यातले सर्वांत उजळ ठिपके दबवा.