आधी फूल पाहा, मग कीटक ठरवा

वांग्याच्या बांधावर मी पहिल्यांदा मधमाश्यांची पेटी ठेवली, तेव्हा माश्या वांग्यांवरून सरळ शेजारच्या सूर्यफुलात गेल्या. माश्यांचं बरोबरच होतं. वांग्याचं फूल मीच नीट पाहिलं नव्हतं.

त्या फुलात मकरंद नसतो. पराग पुंकेसराच्या बंद नळीत असतात आणि टोकाच्या बारीक भोकातून बाहेर पडतात, तेही फूल थरथरलं तरच. काळा भुंगा फुलाला लटकतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो, आणि पराग त्याच्या पोटावर सांडतात. मधमाशीला हे जमत नाही. टोमॅटोलाही असाच थरथराट लागतो. म्हणून या दोन पिकांसाठी पेटीपेक्षा बांधावरचं वाळकं लाकूड आणि बांबू राखा, भुंगे त्यातच घर कोरतात. मी आता एकही वाळका ओंडका जाळत नाही.

दुसरं, फूल कधी उमलतं ते पाहा. त्यासाठी एक दिवस काढाच: पहाटे, दुपारी, दिवेलागणीला. भोपळ्याचं पिवळं फूल पहाटे उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं. तिथे मधमाश्या उपयोगी. दोडका मात्र संध्याकाळी फुलतो आणि त्याच्यावर पतंग येतात. ‘फवारणी संध्याकाळी करा, माश्या वाचतात’ हा सल्ला भोपळ्याला चांगला, पण दोडक्यावर ऐन पतंगांच्या वेळी औषध पडतं. दोडका फुलात असताना मी संध्याकाळी पंप उचलतच नाही.

ज्वारी, मक्याचं काम वारा करतो.

शंका असेल तर दहा-बारा कळ्यांना उमलण्याआधी मलमलची पिशवी बांधा आणि तेवढ्याच फुलांना नुसता दोरा. फूल मिटलं की पिशवी काढा, आठवड्याने फळं मोजा. पिशवीतल्यांना कमी धरली, तर पिकाला पाहुणे लागतात. मग दोऱ्याच्या फुलांपाशी बसून कोण येतं ते टिपा. भोपळवर्गात ही मोजणी मादी फुलांवरच करा, फुलामागे इवलं फळ असलेल्या.

सीताफळाने मला सगळ्यात जास्त थांबवलं. त्याचं फूल आधी मादी असतं, नंतर नर होतं, आणि अर्धवट मिटलेल्या जाड पाकळ्यांत मधमाशी शिरत नाही. शिरतात ते तिळाएवढे भुंगेरे. पिकून कुजणाऱ्या फळांच्या वासावर ते येतात, म्हणून फुलोऱ्यात झाडाखाली मी थोडी कुजकी फळं ठेवते.